लास्ट बसचा वाढदिवस

पनवेलला कोणी फिरायला जात नाही. पुण्याहून मुंबईला जाताना पनवेल लागतं, गोव्याला जाताना लागतं, कोकणातल्या लग्नाला जाताना लागतं. पण ‘आम्ही पनवेलला सहलीला गेलो होतो’ असं सांगणारं माणूस मला तरी भेटलं नव्हतं. आता मीच सांगते आहे. आम्ही तिघं तीन दिवस पनवेलला गेलो होतो, एका घोडीच्या वाढदिवसाला.

तिघं म्हणजे मी, माझा थोरला भाऊ आणि त्याचा मित्र इक्बालभाई. मी पुण्यात मुलींची खानावळ चालवते. दादा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला, वहिनी गेल्यापासून माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. इक्बालभाईंची कॅम्पात बेकरी आहे. या दोघांची ओळख रेसकोर्सवर झाली आणि तिथेच मुरली. मला रेसमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. रविवारी सकाळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडला की वहिनी देवासमोर उदबत्ती लावायची आणि मी खानावळीत भांडी जरा जोरात आपटायची, एवढाच आमचा त्या खेळाशी संबंध.

लास्ट बस हे घोडीचं नाव. तिच्या मुंबईच्या मालकाला ते का सुचलं देव जाणे. दादाने मात्र पहिल्या वेळी केवळ नावावरून तिच्यावर पैसे लावले. एसटीच्या माणसाला दुसरं काय सुचणार! ती सुरुवातीला सगळ्यांच्या मागे राहायची. वळणावर अजून मागे पडायची. मग सरळ पट्टा लागला की एकेकाला मागे टाकत पुढे यायची. जितक्या शर्यती धावली तितक्या जिंकली. एकदाही हरली नाही. पुढेपुढे तिच्यावर पैसे लावून हाती काही लागेना, कारण सगळेच लावायचे. तरी ही मंडळी तिकीट काढायची आणि जिंकलेलं तिकीट खिडकीवर न वटवता घरी न्यायची. दादाकडे अशी तिकिटं देवघरात आहेत, कुंकवाच्या डबीखाली. वहिनीने त्यांना हळदकुंकू वाहिलेलं मी स्वतः पाहिलंय.

घोडी शर्यतीतून निवृत्त झाली, शिंगरासाठी ठेवली पण तिला शिंगरू झालं नाही. शेवटी मालकाने ती पनवेलच्या बाळारामशेटना देऊन टाकली. ही बातमी कळल्यापासून दादाचा एकच धोशा होता, की एकदा जाऊन बघायचं. त्याला काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याने दिसत नाही, उजव्याने नळीतून बघावं तेवढंच दिसतं आणि नळी बारीक होत चालली आहे. दिवाळीत तो म्हणाला, “सुनंदे, ती आहे तोवर आणि मला दिसतंय तोवर जमवू या.” यावर नाही म्हणायला जागा नव्हती. खानावळ सुनेवर सोपवली.

तारीख ठरवावी लागली नाही. शर्यतीचा घोडा वर्षात कधीही जन्मलेला असो, त्याचा वाढदिवस एक जानेवारीलाच धरतात. आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलांचा शाळेच्या दाखल्यावर एक जून असायचा, तसंच.

३१ डिसेंबर, पळस्पे फाटा

वर्षाच्या शेवटच्या दिवशी गोव्याच्या वाटेवर निघणं हा मूर्खपणा आहे, हे मी आधीच सांगितलं होतं. पनवेल यायच्या आत गाडी जी थांबली ती थांबलीच. पळस्पे फाट्याला मुंबई-पुण्याच्या रस्त्यातून गोव्याचा रस्ता फुटतो, आणि त्या दिवशी सगळी मुंबई तिथे वळत होती. टपावर पिशव्या बांधलेल्या मोटारी, खिडकीतून बाहेर आलेले पाय, प्रत्येक गाडीत वेगळं गाणं. कंडक्टर म्हणाला, “काका, इथंच उतरा. स्टँडपर्यंत जाऊन परत याल तर अंधार होईल.” आम्ही भर गर्दीत उतरलो. माझ्याकडे दोन बॅगा आणि दादाचा हात, इक्बालभाईंकडे टेबलाएवढं खोकं. खोक्यात केक. गाजराचा, नालेच्या आकाराचा, स्वतः भाजलेला.

“घोडा केक खातो का हो?” मी विचारलं.

“ताई, माझा केक न खाणारा अजून पैदा व्हायचा आहे,” इक्बालभाई म्हणाले.

रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगायची गरज पडली नाही. मी इथेही लिहीत नाही; का ते पुढे कळेल. कर्नाळ्याच्या डोंगराच्या अलीकडे आहे, एवढं पुरे. रिक्षावाल्याने खोकं बघितलं आणि म्हणाला, “घोडीकडं ना? बसा.” मग त्याने रिक्षा परस्पर एका किराणा दुकानासमोर उभी केली. दुकानात काउंटरवर गुळाच्या लहान ढेपा रचून ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीला लाल रिबीन. लास्ट बससाठी येणारे लोक इथूनच गूळ घेतात, असं दुकानदार अभिमानाने म्हणाला. “रविवारी तर पुरत नाय.” दादाने सांगितलं की आम्ही कोल्हापुरी गूळ पुण्याहून आणलाय. दुकानदाराला ते फारसं आवडलं नाही. रिक्षावाल्याने मात्र स्वतःसाठी एक ढेप घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “माझ्या नावानं द्या तिला. मला आज वेळ नाय.”

फाट्यापासून गावापर्यंत फलक लागले होते. ‘अपराजित लास्ट बस हिला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ मध्ये घोडीचा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेले पंधरावीस चेहरे. आमच्याकडे असे फलक नगरसेवकांचे लागतात. चेहऱ्यांच्या मानाने घोडी जास्त सभ्य दिसत होती.

बाळारामशेटांचं घर नवं, तीन मजली, गुलाबी. जमिनी गेल्या, मोबदला आला, अशा घरांपैकी एक. वडील मिठागरावर राबले, हे ते स्वतःहून सांगतात. पूर्वी त्यांच्याकडे शर्यतीचे बैल होते. पण बैल आज जिंकतो, उद्या हरतो. “हरणारा जनावर दारात बांधून कंटाळलो,” ते म्हणाले. “आता ही हाय. आमचे दारात हरलेला कोण नाय.” त्यांच्या पत्नी मंदाताई पाण्याचे पेले घेऊन मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुमी सोडून.” शेट सगळ्यांत मोठ्याने हसले.

चहा घ्यायलाही दादा थांबेना. आम्ही तबेल्यात गेलो. तबेला कसला, पंखा आणि फरशी असलेली खोलीच ती. घोडी मधोमध उभी होती. तांबूस, कपाळावर पांढरी रेघ. मी घोडा इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. दादाने मान इकडेतिकडे हलवून तिला तुकड्यातुकड्याने पाहिलं. आधी डोकं, मग मान, मग पाठ. त्याच्या नळीत ती एकदम मावत नव्हती. खिशातून गूळ काढून त्याने तळहात पुढे केला, तिने ओठांनी उचलला. मग दुसरा खडा. मग तिसरा.

मला एक गोष्ट खटकली. घोडी पुढचे दोन्ही पाय बरेच पुढे टाकून, अंग मागे रेलून उभी होती. तापलेल्या वाळूत अनवाणी सापडलेलं माणूस टाचांवर तोल सांभाळतं, तशी. आणि सारखी या पायावरून त्या पायावर होत होती.

“ही अशी का उभी आहे?” मी विचारलं.

“खडा टोचला असंल,” शेट म्हणाले. “नाल बदलून घेतली दोनदा. जरा बसाया बघते हल्ली. आमी बसून देत नाय. लोकं लांबून येतात, बसलेली घोडी कशी दाखवाची? टाळी वाजवली की उठते.”

दादा खाली वाकला. आयुष्यभर गाड्यांच्या चाकांना हात लावून बघितलेला माणूस, त्याने सवयीनेच तिच्या खुरावर हात ठेवला. मग दुसऱ्या. मग मागच्या. उठून उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. “पुढचे दोन्ही गरम आहेत. बेअरिंग जाताना होतं तसे.”

“डॉक्टर कधी येऊन गेले?” मी विचारलं.

“परवा बोलवणार हाय. उद्या मिरवणूक हाय ना. बँड सांगितलाय. फाट्यापर्यंत नेवाची आणि परत आणाची.”

“डांबरी रस्त्यावरून?”

“मग काय शेतातून?”

मी मंदाताईंकडे पाहिलं. “वहिनी, जनावरांच्या डॉक्टरचा नंबर आहे?” होता, त्यांच्या कुत्र्यासाठी कामोठ्याच्या एक डॉक्टरबाई यायच्या. मी म्हटलं, आत्ता लावा. शेट म्हणाले, सणासुदीला कशाला. मंदाताईंनी तोवर लावला होता.

३१ डिसेंबर, संध्याकाळ

डॉक्टरबाई स्कूटरवर आल्या. तिशीच्या, लहान चणीच्या, आल्या आल्या कामाला लागणाऱ्या. मला एकदम पसंत पडल्या. त्यांनी घोडीला दोन पावलं चालवून पाहिलं, खुरावर एका पकडीने दाबलं तशी घोडीने पाय झटकला.

“गोड किती खाते ही?”

मंदाताईंनीच सांगितलं, की येणारा प्रत्येकजण गूळ देतो. कोणी पेढे देतो, कोणी शिरा करून आणतो. नवस फेडायलाही येतात. रविवारी तर रांग असते. कोणाचा नैवेद्य परत पाठवायचा नाही, ही घरची रीत.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. खुराच्या आत हाड असतं आणि ते खुराला एका अस्तराने धरलेलं असतं. फार गोड, फार खुराक झाला की ते अस्तर सुजतं. नखाखाली गळू व्हावं आणि त्याच नखावर सगळ्या अंगाचा भार द्यावा, अशी ती कळ असते. अस्तर सुटलं तर हाड खाली सरकतं आणि तळव्यातून बाहेर येतं.

“मग?” दादाने विचारलं.

“मग मला तिला शेवटचं इंजेक्शन द्यावं लागतं. काका, आज अजून ते झालेलं नाही असं मला वाटतं. उद्या एक्स-रेचं मशीन आणून बघते. पण डांबरावरून मिरवलीत तर बघायची गरजच पडणार नाही. गोड पूर्ण बंद. फक्त वाळलेलं गवत. खाली वाळू टाका, खुरांवर गार पाणी धरा. आणि बसली तर बसू द्या. बसते आहे ती दुखतंय म्हणून. तिला उठवणं हा छळ आहे.”

शेट उंबऱ्यावर बसले. “आख्ख्या पनवेलला आवतण गेलाय,” ते म्हणाले. “कामोठ्याचे पोरं डीजे घेऊन येणार. पलीकडचे पोपटशेट येणार. ते वाटच बघतात, माझे दारातला जनावर कवा पडतो. आता काय सांगू? घोडीचे पाय दुखतात?”

“हो,” मी म्हटलं. “तेच सांगायचं.”

“ताय, तुमाला सोपा हाय. दारात आलेले पावन्याला आमी नको बोलत नाय.”

दादा बाहेर ओट्यावर जाऊन बसला होता. खिशातला उरलेला गूळ त्याने कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि नळाखाली हात धुवायला लागला. धुतच राहिला. मी म्हटलं, पाणी बंद कर, टाकी रिकामी होईल. तुझ्या तीन खड्यांनी काही झालेलं नाही. तो म्हणाला, “प्रत्येकजण तीनच खडे देतो गं.”

जेवायला पोपटी होती. थंडीत या भागात हा प्रकार करतात. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वरखाली भांबुर्ड्याचा पाला; मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. थेंबभर पाणी नाही, तेल नाही. आमच्याकडच्या हुरडा पार्टीत हुरडा कमी आणि फोटो जास्त असतात. इथे सगळे मुकाट्याने शेंगा सोलत होते. पाल्याचा वास ओव्यासारखा, शेंगांत भिनलेला. मी खानावळवाली आहे, दुसऱ्याच्या हातचं सहसा वाखाणत नाही, पण हे वाखाणते. फक्त त्या संध्याकाळी शेंगा सोलण्याव्यतिरिक्त कोणाचं कशात लक्ष नव्हतं.

हात पुसता पुसता शेट म्हणाले, “मिरवणूक नाय. ठरला. पण गेटवर मी उभा राहणार नाय. माझे तोंडातून ‘नको’ निघवाचा नाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमी राहा. तुमी बाहेरच्या. तुमचा राग आला तरी लोकं दोन दिवसांनी इसरतील.”

इतका प्रामाणिक अपमान माझा पूर्वी कोणी केला नव्हता. मी हो म्हटलं.

१ जानेवारी, फाटकावर

सकाळीच रेतीचा टेम्पो आला आणि खोलीत घोटाभर वाळू पडली. घोडीने एक पाय वाळूत रोवला, मग दुसरा, आणि थोड्या वेळाने गुडघे मोडून सावकाश बसली. कोणी टाळी वाजवली नाही. दादा एक बादली आणि टॉवेल घेऊन तिच्या पायाशी बसला तो डॉक्टरबाई येईपर्यंत उठला नाही. ओला टॉवेल खुरांवर, टॉवेल गरम झाला की पुन्हा बादलीत.

मी फाटकावर खुर्ची टाकली. शेजारी मंदाताईंचं मोठं घमेलं.

अकरापासून लोक यायला लागले. काय काय लोक! मुंबईहून आलेले टोपीवाले दोन म्हातारे, त्यांना तिच्या प्रत्येक शर्यतीतला जॉकीच्या शर्टाचा रंग पाठ. उरणकडचं एक जोडपं, लग्न जमलं ते हिला गूळ दिल्यावर, म्हणून जोडीने आलेलं. एक निवृत्त मुख्याध्यापक, हातात तिच्यासाठी स्वतः विणलेली लोकरीची टोपी, कानांना भोकं ठेवलेली. कामोठ्याची तरुण मंडळी एकाच पिवळ्या टीशर्टात, छातीवर घोडी आणि खाली ‘शेवटून पहिली’. प्रत्येकाच्या हातात गोड.

“गूळ इथे ठेवा,” मी सांगत होते. “पेढे इथे. तो शिराही.”

“पण ताई, घरून केलाय.”

“उत्तम केला असणार. इथे ठेवा. घोडीला डॉक्टरने गोड बंद केलंय.”

“एकच घास.”

“एकच घास देणारे आज किती येणार आहेत, सांगा बरं?”

काही रुसले. एका बाईंनी माझ्या तोंडावर सांगितलं, की नैवेद्य अडवणाऱ्याचं बरं होत नाही. मी म्हटलं, बघू, आणि त्यांचाही पेढ्यांचा डबा घमेल्यात घातला. टोपीवाल्यांपैकी एक मात्र ऐकून मटकन पायरीवर बसला. “आम्ही दर महिन्याला यायचो हो,” तो म्हणाला, “दर महिन्याला ढेप आणायचो.” दुसऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

सगळ्यांत अवघड गेलं ते इक्बालभाईंना. केकचं खोकं उघडून ते एकटेच बघत होते. मी काही म्हणायच्या आत त्यांनी सुरी मागवली. “माणसं खातील,” ते म्हणाले. “माणसं हरामखोर आहेत, सगळं पचवतात.” केक खरंच चांगला होता.

घमेलं दोनदा भरलं. मंदाताईंनी गूळ आणि शिरा टेम्पोतून डोंगराखालच्या कातकरी वाडीत आणि वीटभट्टीवर पोचवला. तिथल्या पोरांना वाढदिवस सगळ्यांत गोड लागला असणार.

दुपारी पोपटशेट आले. पांढरे कपडे, पांढरे बूट, मागे सातआठ माणसं. माझ्याकडे न बघता थेट आत गेले. मी मागोमाग. दारात गर्दी जमली होती. घोडी वाळूत बसलेली, दादा तिच्या पायाशी.

“बाळाराम,” पोपटशेट मोठ्याने म्हणाले, “ही तर बसली की रे!”

बाळारामशेट कोपऱ्यात उभे होते.

“उठव ना. आमी काय बसलेली घोडी बघवाला आलो? घरी म्हशी हायत आमचे.” मागची माणसं हसली. एकाने टाळी वाजवली. दुसऱ्याने जिभेने चक् चक् केलं. घोडीचे कान ताठ झाले, तिने मान उचलली आणि पुढचा एक पाय सरसावून उठायची तयारी केली. पाय टेकताच तिचं सगळं अंग थरथरलं. ते मी पाहिलं, दारातल्या सगळ्यांनी पाहिलं.

दादा आयुष्यात कधी चारचौघांत चढ्या आवाजात बोललेला मला आठवत नाही. साहेब ओरडले तरी हा नटबोल्ट शोधत खाली बघायचा. तो तिथूनच, टॉवेल न सोडता म्हणाला, “ओ शेट! डेपोत लागलेल्या गाडीला हॉर्न मारतात का?”

टोपीवाला म्हातारा खदखदून हसला, आणि मग पिवळे टीशर्टवाले. मागून कोणीतरी म्हणालं, “बरोबर बोलतंय म्हातारं. ड्यूटी संपली तिची.” पोपटशेटांच्या माणसाने टाळीचे हात खिशात घातले.

तेव्हा बाळारामशेट पुढे आले. पोपटशेटांना म्हणाले, “पोपट, घोडी आजारी हाय. आमीच केली, गूळ घालून घालून. आता बसंल, झोपंल, तिला वाटंल ता करंल. तुला बघवाची तर गप उभा राहून बघ. नाय तर केक खा.”

पोपटशेटांना दोन्ही नको असेल असं मला वाटलं होतं. पण ते उभे राहिले. पांढरे बूट वाळूला लागू न देता, चांगली दहा मिनिटं. जाताना एवढंच म्हणाले, “डोळे भारी हायत हिचे.” बँडवाले आले होते, त्यांना जेवू घालून न वाजवता परत पाठवलं. डीजेचा टेम्पो कामोठ्याच्या पोरांनी स्वतःच गावाबाहेर नेला. मग सगळे आत येत होते, चपला काढून, कोणी न सांगता. भिंतीशी दोन मिनिटं उभं राहायचे आणि जायचे. आमच्याकडे कोणाच्या समाचाराला जातात तसंच, फक्त आजाऱ्याला कोणी सल्ले दिले नाहीत.

चारला डॉक्टरबाई मशीन घेऊन आल्या. सगळे अंगणात. बाहेर आल्या तेव्हा दादा उठून उभा राहिला आणि भलत्याच दिशेला तोंड करून ऐकू लागला. त्यांना तो शोधत होता. मी त्याला वळवलं.

“हाड थोडं हललंय,” त्या म्हणाल्या. “थोडंच. वाचेल असं म्हणायला हरकत नाही. पण महिनोन् महिने लागतील, आणि रस्त्यावर आता कधीच नाही. एकाही माणसाने लाडाने काही घातलं, तर मला बोलवू नका.” गावाचं नाव मी लिहिलं नाही ते यासाठीच.

दादाने मान हलवली. मग विचारलं, “चालेल?”

“ते तिने ठरवायचं, काका.”

२ जानेवारी, निघताना

निघायच्या दिवशी सकाळी मंदाताईंनी तांदळाची भाकरी आणि सुकट करून दिली. भाकरी अशी पातळ की आमच्या खानावळीतल्या बायकांना दाखवायला एक तशीच कागदात बांधून घेतली. शेट रिक्षा बोलवायला गेले आणि मी दादाला शोधायला.

तो तबेल्यात होता, वाळूवर उभा, दाराकडे पाठ. घोडी पलीकडच्या भिंतीशी उभी होती. पाय अजून पुढेच टाकलेले, पण कालच्याइतके नाहीत. काल दिलेल्या वेदनाशामक इंजेक्शनचा गुण असणार. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं की त्यावर भुलू नका. मी दादाला हाक मारली, रिक्षा येतेय म्हणून. त्याने हात वर करून मला थांबवलं.

गडी गवताची पेंढी घेऊन आला आणि आमच्या बाजूच्या कोपऱ्यात टाकली. घोडी तिकडे बघत राहिली. मग एक पाऊल. थांबली. दुसरं. प्रत्येक पाऊल ठेवण्याआधी ती विचार करत होती, म्हाताऱ्या बाईने ओल्या न्हाणीत पाय टाकावा तसा. दादा नेमका तिच्या वाटेत उभा होता. त्याला ती नळीतून कितपत दिसत होती कोण जाणे. तो बाजूला झाला नाही. ती त्याच्यापर्यंत आली, नाकाने त्याच्या छातीला एक ढुशी दिली, तो दोन पावलं मागे गेला, आणि ती त्याच्या अंगाला घासून पुढे निघून गवताला लागली.

दादा भिंतीला टेकून उभा होता. शर्टावर तिच्या तोंडाचा फेस.

“लागलं का?” मी विचारलं.

“सुनंदे,” तो म्हणाला, “मागं टाकून गेली बघ मला.”

बाहेर रिक्षाचा आवाज आला. मी बॅगा उचलल्या. घोडीला गवत खाताना अजून थोडं बघू, असं मीच म्हणाले. रिक्षावाला थांबला.